बार रूममधला नीतीवाला देव्या

कोर्टात किस्से साचतात त्याला कारण कायदा नाही, तारीख आहे. आपलं प्रकरण बोर्डावर बत्तिसावं असतं, जजसाहेब अकराव्यावर अडकलेले असतात, तेवढ्या वेळात माणसानं करायचं काय? चहा प्यायचा आणि जो हजर नाही त्याच्याबद्दल बोलायचं! भंडाऱ्याच्या बार रूममध्ये, म्हणजे वकिलांच्या खोलीत, तीस वर्षं मी हेच करतो आहे. मधल्या वेळात थोडी वकिलीही केली. परवा सहज मनातल्या मनात उजळणी केली, तर लक्षात आलं की माझ्याजवळच्या निम्म्या किश्श्यांचा हिरो एकच आहे. आणि तो मी नाही. दुखणं तेच आहे!

हिरोचं नाव देविदास. आम्ही दोघं नागपूरला एका रूमवर राहून वकील झालो, सनदही दोघांना एकाच दिवशी मिळाली. मग भंडाऱ्याला परत येऊन एकाच सिनियरकडे, म्हणजे नानाजींकडे, ज्युनिअर म्हणून लागलो. आज तो डॉक्टर देविदास सर आहे. वकिलानं कसं वागावं यावर पुस्तकं लिहितो, वकिलीच्या धंद्याचा इतिहास लिहितो, विमानानं जाऊन भाषणं देतो. मी अजून अ‍ॅडव्होकेट मुरलीधरच आहे आणि तुमसरच्या कोर्टात एसटीनं जातो. लोक त्याला ‘नीतीवाले सर’ म्हणतात. मी देव्याच म्हणतो. तेवढाच एक हक्क उरला आहे, तो सोडणार नाही.

* * *

देव्याची पहिली स्वतंत्र केस करडी गावची. धानाच्या दोन बांध्या, म्हणजे खाचरं, आणि मधला धुरा, म्हणजे बांध. तो धुरा कोणी फोडला, एवढाच वाद. साक्षीच्या दिवशी देव्याचा साक्षीदार कोर्टाच्या व्हरांड्यात त्याच्या कानाशी लागला.

“वकीलसाहेब, आत जाऊन सांगू काय जी?”

“जे पाह्यलं ते सांग.”

“मी तं काहीच नाही पाह्यलं न!”

“मंग आला कायले बे?”

“तुमच्या पार्टीनं आणलं म्हणून आलो. चहा-नाश्ता झाला, आता तुम्ही सांगान तसं बोलतो.”

दुसरा वकील असता तर त्याला कोपऱ्यात नेऊन पाठांतर करून घेतलं असतं. दुसरा म्हणजे कोण, मीच! देव्यानं त्या माणसाला हात धरून स्टँडवर नेलं आणि करडीच्या गाडीत बसवून दिलं. केस आपटली.

आम्ही त्या दिवशी देव्याला चहा पाजला, आणि खोटं कशाला बोलू, मला तो चहा फार गोड लागला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बार रूमच्या दारात जिंकलेली पार्टी उभी! त्याच शेजाऱ्याविरुद्ध, म्हणजे देव्याच्या अशिलाविरुद्ध, त्यांना आणखी एक दावा टाकायचा होता.

“आपल्याच साक्षीदाराले वापस धाडणारा वकील कोण आहे? आमाले तोच पाह्यजे!”

देव्या उठला आणि हात जोडून म्हणाला, “नाही जी. तुमच्या शेजाऱ्याच्या घरातलं सारं मले माहीत झालं आहे. आता त्याच्याच विरुद्ध मी कसा उभा राहू? हा मुरलीधर बसला आहे, चांगला आहे, याले द्या.”

त्या गृहस्थांनी मला टोपीपासून चपलेपर्यंत पाहिलं. मग म्हणाले, “विचार करून सांगतो.”

तीस वर्षं झाली. अजून विचारच करून राहिले आहेत!

* * *

मी बारचा सेक्रेटरी होतो तेव्हाची गोष्ट. रूमला रंग मारायचा होता. मागच्या लाकडी कपाटात जुनी रजिस्टरं होती, वकिलांच्या जुन्या सभांची. अर्धी वाळवीनं खाल्लेली, उरलेल्यांवर पालींचा संसार. मी सेक्रेटरीच्या अधिकारात लेखी हुकूम काढला, ‘निरुपयोगी कागद तातडीने बाहेर टाकावेत.’ खाली झोकात सही ठोकली.

संध्याकाळी पाहतो तर देव्या धानाच्या पोत्यात ती सगळी रजिस्टरं भरून राहिला आहे. मी म्हटलं, “काय बे, चूल पेटवतं का?”

म्हणाला, “वाचतो.”

“त्याच्यात वाचासारखं काय आहे?”

“आपल्या आजोबांच्या पिढीनं एका वकिलाला सहा महिने बारबाहेर बसवलं होतं, दोन्ही पार्ट्यांना आतून सल्ला दिला म्हणून. तेही कोणी सांगितलं नसताना. ठराव आहे यात.”

“मग?”

“मग काही नाही,” म्हणाला, आणि सायकलच्या कॅरिअरला पोतं बांधून गेला.

पाच-सहा वर्षांनी त्या पोत्याचा प्रबंध झाला! आपल्याकडच्या छोट्या कोर्टांतल्या वकिलांनी स्वतःचे नियम स्वतः कसे घातले, कोण कुठे चुकला, कोणी कोणाला सांभाळलं, सगळं त्यात. विद्यापीठानं त्याला डॉक्टर केलं, नंतर नोकरी दिली. छापील पुस्तक आलं तेव्हा आमच्यातले गभणे वकील ते घेऊन टेबलावर चढले. गभणे म्हणजे आमच्या बारचं तोंड. कोणाचीही टोपी उडवायची आणि आपली सांभाळायची, यात त्यांचा हात धरणारा नाही. त्यांनी पहिलंच पान मोठ्यानं वाचलं.

“सर्वप्रथम मी बारचे तत्कालीन सचिव अ‍ॅडव्होकेट मुरलीधर यांचा ऋणी आहे. त्यांनी हे कागद बाहेर टाकण्याचा हुकूम काढला नसता, तर ते माझ्या हाती लागले नसते.”

प्रबंधाच्या शेवटी परिशिष्टात माझ्या हुकमाची फोटोकॉपी आहे. सहीसकट!

* * *

आता जो किस्सा सांगतो तो मी गेल्या महिन्यापर्यंत कोणाला सांगितला नव्हता. बायकोलाही नाही.

आमच्या बारमध्ये माझी एकच शान आहे. मुदत! अपील किती दिवसांत करायचं, सुट्ट्या धरायच्या की सोडायच्या, हे कोणालाही अडलं की पोरंपोरी माझ्याकडे येतात. मी कॅलेंडर न पाहता तारीख सांगतो आणि वर सुनावतो, “या मुरलीधरनं उभ्या जन्मात एक मुदत चुकवली नाही!” हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलं आहे की नवीन ज्युनिअर पोरी ते माझ्याआधी म्हणतात.

ते वाक्य खोटं आहे.

नानाजींकडे दुसरं वर्ष होतं. एका अशिलाच्या निकालाची नक्कल मिळवून अपील करायचं होतं. नक्कल तयार होऊन खिडकीपलीकडे बारा दिवस पडून होती, कारण मी लाखांदूरला मामेभावाच्या लग्नात नाचत होतो. परत आलो, नक्कल घेतली आणि दिवस मोजले ते नक्कल हातात पडल्यापासून. मोजायचे असतात ती तयार झाल्यापासून! साधी गोष्ट, पण चुकलो. अपील दाखल करायला गेलो तेव्हा मुदत संपून आठ दिवस झाले होते. त्या माणसाची अडीच एकर जमीन माझ्या बोटांवरच्या मोजणीत अडकली.

मी नानाजींसमोर जाऊन उभा राहिलो. ते ओरडले नाहीत. त्यांनी विलंब माफीचा अर्ज स्वतः लिहिला. जिल्ह्यातला सर्वांत जुना वकील, डोकं पांढरं झालेलं, तो साहेबांपुढे हात जोडून उभा राहिला. म्हणाला, “वकीलपत्रावर सही माझी आहे. दिवस मोजायला मी चुकलो. सजा मला द्या, अशिलाला नको.” साहेबांनी अर्ज मंजूर केला. बाहेर येताना नानाजी मला एवढंच म्हणाले, “घरी जा, जेव. दोन दिवसांचा उपाशी दिसतोस.”

देव्या त्या आठवड्यात एलएल.एम.च्या परीक्षेसाठी नागपूरला होता, म्हणून त्याला काही कळलं नाही. मला वाटलं, सुटलो.

* * *

नानाजी रोज डायरी लिहायचे. कोर्टातून आले की हातपाय धुऊन पहिलं काम तेच. ते गेले तेव्हा त्यांच्या मुलानं आम्हा दोघांना बोलावलं आणि नानाजींनी मागे ठेवलेली चिठ्ठी वाचून दाखवली. माझ्या वाट्याला नानाजींचं टेबल आलं. देव्याच्या वाट्याला डायऱ्यांनी भरलेली लोखंडी पेटी.

मी अकरा वर्षं त्यांच्या फायली उचलल्या. देव्या मधेच उठून मास्तरकी करायला गेला. आणि पेटी त्याला! सांगा, कोणाचा जीव जळणार नाही? टेबल तर माझ्या ऑफिसच्या दारातून आत जाईना. शेवटी पाय कापून आत घेतलं. आता त्याच्याशी बसायचं तर मांडी घालून बसावं लागतं.

पण जळण्यापेक्षा भीती मोठी होती. नानाजी डायरीत खोटं लिहिणारा माणूस नव्हता. म्हणजे त्या पेटीत कुठेतरी माझी मोजणी पडलेली होती.

वर्षभरानं देव्या भेटला तेव्हा मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “डायऱ्या वाचून राहिला का?”

“वाचून राहिलो.”

“माझ्याबद्दल आहे का काही?”

“आहे.”

“काय आहे?”

त्यानं चष्मा पुसला. “नानाजीचं अक्षर लय सुंदर होतं बे मुरली.”

त्यानंतर पंधरा वर्षं मी दर दिवाळीला तोच प्रश्न विचारला आणि दर दिवाळीला तो अक्षराचीच तारीफ करत राहिला.

* * *

यातला एक किस्सा तर माझ्या घरातच घडला. आमच्या सौभाग्यवती, सुमनबाई, देव्याची भाषणं मोबाईलवर ऐकतात. पोळ्या लाटताना, धुणं वाळत घालताना, सतत त्याचा आवाज घरात. नवऱ्याचं आर्ग्युमेंट ऐकायला बाई कधी कोर्टात आली नाही!

एकदा मोहाडीला पुतण्याचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होता आणि त्याच दिवशी माझी एक तारीख. मी सकाळी ज्युनिअरला फोन केला, “तारीख वाढवायचा अर्ज देऊन टाक. वकीलसाहेबांना सणसणून ताप आहे, म्हणा.” आणि इस्त्रीचा कुर्ता घालून तयार झालो.

सुमननं माझ्याकडे पाहिलं. मोहाडीला पोहोचलो, मंडपात टेकलो, पंगत बसली. मटणाचा रस्सा वाढत वाढत माझ्यापर्यंत आला आणि पुढे निघून गेला! माझ्या ताटात पडली मऊ खिचडी.

“अवो, हे काय?”

“ताप आहे न तुमाले?” सुमन सगळ्या पाहुण्यांपुढे म्हणाली. “सकाळीच कोर्टाले लिहून दिलं तुम्ही. देविदासभाऊजी म्हणतात, वकिलाचा अर्ज म्हणजे वकिलाची जबान. आता ते खोटं कसं राहील?”

त्यानंतर पाहुणे एकेक करून येत होते आणि माझं कपाळ चेपून पाहत होते.

* * *

मधे बपेऱ्याचा एक माणूस बार रूममध्ये आला. मध्य प्रदेशाच्या सीमेवरचं गाव, त्यामुळे अर्धं हिंदी, अर्धं मराठी. विचारलं, “वो नीतीवाले वकीलसाब किधर बैठते जी?”

गभण्यांनी डोळा मारून माझ्याकडे बोट दाखवलं. मीही खाकरून सरळ बसलो. म्हटलं, बसा.

माणसानं खिशातून पेपरचं कात्रण काढलं, फोटो पाहिला, मला पाहिलं, परत फोटो पाहिला. “नहीं साब. वो मुस्कुराते हैं.”

मग त्यानं माझ्यासमोरच देव्याला फोन लावला. देव्या म्हणाला, “मी आता केस चालवत नाही. मुरलीधरला द्या. भांडायला त्याच्यासारखा वकील जिल्ह्यात नाही.” केस मला मिळाली. दोन वर्षं मी जीव तोडून भांडलो आणि जिंकलो. निकालाच्या दिवशी तो माणूस केवढा मोठा पेढ्यांचा डबा घेऊन आला!

“आण इकडे,” मी म्हटलं.

“नहीं साब, ये तो सर के लिए है. आपका नाम उन्होंने बताया न!”

देव्याचा पत्ताही मीच लिहून दिला.

* * *

आता गेल्या महिन्याचं. देव्याचं नवीन पुस्तक येणार, आपल्या जिल्ह्यातल्या वकिलांचा इतिहास, नानाजींच्या डायऱ्यांवरून. बारनं त्याचा सत्कार ठरवला. मला दिलं आभाराचं काम. लोक खुर्च्यांखाली चपला शोधत असतात तेव्हा जे भाषण चालू असतं, ते आभार!

हॉल भरला होता. जिल्हा न्यायाधीश साहेब पहिल्या रांगेत, गभणे तिसऱ्या रांगेत, सुमन बायकांमध्ये सर्वांत पुढे. मी स्टेजच्या कडेला, हातात आभाराचा कागद. पुस्तक छापायला जाणार होतं आणि आजवर मला त्यातलं एक पान दिसलं नव्हतं.

देव्या बोलायला उठला. वकिलाची नीती पुस्तकात नसते, सिनियरच्या वागण्यात असते, असं काहीतरी सुरुवातीला बोलला आणि मग म्हणाला, “नानाजींच्या डायरीतलं एक पान सांगतो.”

दार किती लांब आहे, ते मी पाहून घेतलं.

त्यानं सगळं सांगितलं. नक्कल, बारा दिवस, चुकलेली मोजणी, अडीच एकर. पांढऱ्या डोक्याचा तो माणूस साहेबांपुढे हात जोडून कसा उभा राहिला, तेही सांगितलं. फक्त लग्नातलं नाचणं सांगितलं नाही. ज्या पोरी माझं मुदतीचं वाक्य पाठ म्हणतात, त्या दुसऱ्या रांगेत होत्या आणि डोळे पुसून राहिल्या होत्या.

आणि गभणे गप्प बसतील तर ते गभणे कसले! तिसऱ्या रांगेतून आवाज आला, “सर, तो ज्युनिअर कोण होता जी?”

बस. मी मनातल्या मनात सनद काढून ठेवली, मुदतीचं वाक्य गिळलं, सुमनकडे पाहायची हिंमत केली नाही.

देव्या ग्लास उचलून पाणी प्यायला. ग्लास खाली ठेवला.

“मी,” तो म्हणाला.

काय टाळ्या, बाप्पा! जिल्हा न्यायाधीश साहेब उभे राहिले, त्यांच्यामागे सगळा हॉल उभा राहिला. आपली चूक भर सभेत कबूल करणारा वकील! पोरी रडून राहिल्या होत्या. सुमन तर दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होती. देव्या मान खाली घालून उभा होता. त्यानं माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

मी सुटलो होतो. पंधरा वर्षांची भीती एका अक्षरात संपली होती. मी त्याचे पाय धरायला हवे होते. पण खरं सांगतो मित्रहो, मला तसं काही वाटलं नाही. अंगाची आग झाली, आग! पेटी त्याला, पेढे त्याला, घरात आवाज त्याचा. ठीक आहे. पण नानाजी त्या दिवशी हात जोडून उभे राहिले ते माझ्यासाठी. देव्या नागपूरला होता! “घरी जा, जेव” हे मला म्हणाले होते. आयुष्यात एक मोठा माणूस एकदाच माझ्यासाठी वाकला, आणि तेही हा घेऊन चालला?

“आता आभारप्रदर्शन, अ‍ॅडव्होकेट मुरलीधर,” असं कोणीतरी पुकारलं.

मी माईकपाशी गेलो. कागद घडी करून खिशात ठेवला. माईक जवळ ओढला.

“तो ज्युनिअर देविदास नव्हता,” मी म्हटलं. “तो मी होतो.”

जिल्हा न्यायाधीश साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. सुमननं पाहिलं. पोरींनी पाहिलं.

मग तिसऱ्या रांगेतून गभणे उठले, दोन्ही हात जोडले आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं ओरडले,

“राहू द्या न जी, मुरलीभाऊ! आता त्याची चूकही तुमालेच पाह्यजे काय?”